ख्रिस्ती विवाहातील विश्वासूपणा आणि कृतज्ञता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यातील गावोगावच्या मंडळ्यांत (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) विवाहपूर्व भेटींच्या वेळी, घरगुती प्रार्थनासभा संपल्यावर किंवा चर्चच्या आवारात उभ्या उभ्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने प्रॉटेस्टंट परंपरेला धरून आहेत. शास्त्रातील वचनांचे केवळ संदर्भ दिले आहेत. वाचकांनी, आणि शक्य असेल तर पतिपत्नींनी एकत्र बसून, ते आपल्या घरच्या पवित्र शास्त्रात उघडून पाहावेत.

प्रश्न : विवाहातील विश्वासूपणा म्हणजे नेमके काय?

विवाहाच्या उपासनेत वर आणि वधू जे शब्द उच्चारतात, त्यांत भावनेचे वर्णन फारसे नसते. सुखात आणि दुःखात, संपन्नतेत आणि गरिबीत, आजारात आणि आरोग्यात, मरणाने वियोग होईपर्यंत मी तुझ्याबरोबर राहीन, अशा अर्थाचे ते वचन असते आणि ते देवाच्या व जमलेल्या मंडळीच्या साक्षीने दिलेले असते. मलाखी संदेष्ट्याच्या काळात काही पुरुष तारुण्यात केलेल्या पत्नीशी बेइमानी करून पुन्हा वेदीपुढे येऊन रडत होते आणि देव आपले अर्पण का स्वीकारत नाही, असे विचारत होते. त्यांना मिळालेले उत्तर (मलाखी २:१३-१४) असे आहे की, ती तुझ्या कराराची पत्नी होती आणि त्या कराराला परमेश्वर स्वतः साक्षी होता. ज्याने साक्ष दिली त्याच्यासमोरच आपण प्रार्थनेला उभे राहतो, त्यामुळे घरातली बेइमानी आणि चर्चमधली भक्ती यांचे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत.

या करारामागे आणखी एक गोष्ट आहे. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात देवाने आपल्या लोकांशी असलेले नाते विवाहाच्या रूपात मांडले आहे, आणि त्यात लोक पुन्हा पुन्हा बहकतात, देव मात्र आपला शब्द सोडत नाही. ख्रिस्ती माणूस जोडीदाराशी विश्वासू राहतो तो या आधीच मिळालेल्या विश्वासूपणाच्या आधारावर, स्वतःच्या स्वभावाच्या बळावर नव्हे. ज्यांना स्वतःच्या निश्चयाचा फार भरवसा असतो त्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी कधीही परक्या व्यक्तीशी संबंध ठेवले नाहीत. मग मी विश्वासू आहे, असे समजावे का?

एका मोठ्या बाबतीत होय, आणि ती बाब क्षुल्लक नाही. इब्री लोकांस पत्रात (१३:४) विवाहशय्या निर्दोष ठेवण्याची आज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. परंतु डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने (मत्तय ५:२७-२८) ती सीमारेषा डोळ्यांपर्यंत आणि मनापर्यंत मागे आणली, आणि तिथे उभे राहिल्यावर आपल्यापैकी फारच थोड्यांना निर्धास्तपणे मान वर करता येईल.

याखेरीज, आपल्या भागात लग्ने जितकी परस्त्री किंवा परपुरुषामुळे मोडकळीस येतात तितकीच पैशाच्या लपवाछपवीमुळेही येतात, असे आमचे निरीक्षण आहे, आणि प्रवचनांत त्याविषयी फार कमी बोलले जाते. पतीने मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही करायची, घरी एक शब्द बोलायचा नाही, आणि मित्राचे हप्ते थकल्यावर नोटीस पत्नीच्या हातात पडायची, ही गोष्ट कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज अशा कोणत्याही गावात नवीन नाही. नीतिसूत्रे या पुस्तकाचा पाचवा अध्याय तारुण्यातल्या पत्नीशी एकनिष्ठ राहण्याविषयी आहे आणि त्याच्या पाठोपाठ सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळींत दुसऱ्यासाठी जामीन राहण्याविषयी इशारा आहे. हे दोन विषय इतके शेजारी शेजारी आहेत, तरी आपण एक वाचतो आणि दुसरा सोडून देतो. पत्नीनेही भिशीची रक्कम, माहेरी दिलेले पैसे किंवा गहाण टाकलेले दागिने लपवले तर तोच प्रश्न उभा राहतो. ज्याच्याशी आपण एकदेह झालो त्याला आपल्या डोक्यावरील कर्जाची माहिती नसणे, ही बेइमानीच आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

प्रश्न : पतिपत्नींनी एकमेकांच्या मोबाइलचे पासवर्ड सांगावेत का?

सांगितल्याने काही बिघडत नाही, पण त्याने विश्वास निर्माण होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ज्या घरात रोज रात्री फोन तपासला जातो त्या घरात दुसरा फोन घेतला जातो, एवढेच. खरा प्रश्न असा असावा की, हा संदेश माझ्या जोडीदाराच्या शेजारी बसून मी असाच लिहिला असता का. जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर एखाद्या व्यक्तीशी स्वतंत्र बोलणे सुरू होते, त्यात घरातल्या तक्रारी येऊ लागतात, आणि जे घरी बोलायचे ते तिथे बोलले जाते. शारीरिक काहीही घडण्याच्या कितीतरी आधी निष्ठा तिथे सरकलेली असते. असे बोलणे सुरू झाले असेल तर ते थांबवावे आणि थांबवल्याचे घरी सांगावे.

प्रश्न : विश्वासूपणा समजला, पण त्यात कृतज्ञतेचा काय संबंध?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय लग्नात हमखास वाचला जातो, परंतु वाचन बहुधा एकविसाव्या किंवा बाविसाव्या वचनापासून सुरू होते. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, तिसऱ्या आणि चौथ्या वचनांत, या पत्राचा लेखक प्रेषित पौल जारकर्म, अशुद्धता आणि लोभ यांचा एका दमात उल्लेख करतो, अमंगळ बोलणे आणि टवाळी सोडण्यास सांगतो, आणि या सगळ्याच्या जागी काय असावे हे सांगताना संयम, निग्रह, उपवास यांपैकी काहीच सुचवत नाही. तो उपकारस्तुती, म्हणजे देवाचे उपकार मानणे, सुचवतो. विसाव्या वचनात पुन्हा उपकारस्तुती येते आणि तिथून दोनच वचनांनी पतिपत्नींचा विषय सुरू होतो. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही हाच क्रम दिसतो: पंधराव्या आणि सतराव्या वचनांत कृतज्ञ असण्याची आज्ञा, आणि लगेच अठराव्या व एकोणिसाव्या वचनांत पत्नी व पती यांना उपदेश.

पौलाने असे का केले असावे, याचे उत्तर दहाव्या आज्ञेत आहे (निर्गम २०:१७). शेजाऱ्याचे घर, त्याची पत्नी, त्याचे नोकर, त्याचा बैल आणि गाढव यांचा लोभ धरू नको, असे ती आज्ञा एकाच वचनात सांगते. म्हणजे परस्त्रीची अभिलाषा आणि परक्याच्या मालमत्तेचा हव्यास यांचे मूळ शास्त्राने एकच मानले आहे: देवाने मला जे दिले ते कमी आहे आणि दुसऱ्याला दिले ते अधिक आहे, अशी मनात बसलेली समजूत. व्यभिचाराची सुरुवात वासनेपेक्षा पुष्कळदा या कुरकुरीतून होते. आपला पती अमक्याच्या पतीसारखा बोलका नाही, आपली पत्नी तमक्याच्या पत्नीसारखी नीटनेटकी नाही, अमक्यांनी ताराबाई पार्कात फ्लॅट घेतला आणि आपण अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत, अशी तुलना मनात वर्षानुवर्षे चालू राहिली की जोडीदार माणूस म्हणून दिसेनासा होतो आणि उणिवांची यादी तेवढी दिसत राहते. अशा माणसाला कोणी बाहेर जरा आपुलकीने बोलले की त्याला ते आपल्या हक्काचे वाटू लागते. उपकारस्तुती या यादीवरच घाव घालते, कारण जोडीदार हा मिळालेला आहे, कमावलेला नाही, हे ती रोज कबूल करायला लावते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कृतज्ञता नसलेला विश्वासूपणा टिकतो, पण तो पहाऱ्यासारखा होतो. मी कुठे चुकलो नाही, मी कधी कुणाकडे पाहिले नाही, सगळा पगार आणून दिला, असे सांगणारी माणसे आपल्या परिचयाची असतात आणि त्यांच्या घरात पाऊल टाकताच जाणवते की, चाळीस वर्षांचा तो एकनिष्ठपणा जोडीदारावर उपकार म्हणून लादला गेला आहे.

प्रश्न : आपल्याकडे पतिपत्नी एकमेकांचे आभार मानत नाहीत. ते परकेपणाचे वाटते. मग कृतज्ञता दाखवायची कशी?

ही अडचण खरी आहे. कोल्हापूरकराने पत्नीला सकाळच्या चहाबद्दल 'थँक्यू' म्हटले तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. आभाराचा शब्द आलाच पाहिजे असा आग्रह नाही, पण तो शब्द नाही म्हणून कृतज्ञता मनातच ठेवायची, हेही बरोबर नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात (वचन २८) गुणवती स्त्रीचा पती तिची स्तुती करतो, तिची मुलेही तिला धन्य म्हणतात, आणि शेवटच्या वचनात वेशीत, म्हणजे चारचौघांत, तिची प्रशंसा होण्याविषयी सांगितले आहे. चारचौघांत पत्नीची थट्टा करणे आपल्याकडे विनोद समजला जातो. चारचौघांत तिच्याविषयी चांगले बोलणे मात्र बायकोच्या ताटाखालचे मांजर होण्यासारखे मानले जाते. पहिली सवय सोडून दुसरी लावून घेणे, ही सुरुवात पुरेशी आहे.

दुसरी जागा जेवणापूर्वीच्या प्रार्थनेची. 'हे अन्न दिल्याबद्दल' एवढे म्हणून आमेन होते. रविवारी उपासनेनंतर पाहुण्यांसाठी तांबडा आणि पांढरा रस्सा व्हायचा असेल, तर मसाला आदल्या रात्रीच वाटून ठेवलेला असतो आणि घरची स्त्री शेवटचे गीत संपण्याआधी चर्चमधून निघालेली असते. त्या प्रार्थनेत तिचे नाव घेऊन देवाचे उपकार मानायला किती वेळ लागतो? त्याहून चांगले म्हणजे महिन्यातील एखाद्या रविवारी रस्सा पतीने करावा आणि पत्नीने उपासना शेवटपर्यंत ऐकावी. पत्नीच्या बाजूनेही असेच आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाला घरात पाऊल टाकताच राहिलेल्या कामांची आठवण करून देण्यापूर्वी, तो सुखरूप आला याबद्दल मुलांसमोर देवाला धन्यवाद द्यावा. मुले हे ऐकून शिकतात.

प्रश्न : पती आणि सासरची माणसे 'तुला इतके दिले, कृतज्ञ राहा' असे म्हणून अपमान आणि मारहाण सहन करायला लावतात. ख्रिस्ती पत्नीने काय करावे?

सर्वप्रथम स्वतःचा आणि मुलांचा जीव सुरक्षित करावा. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ख्रिस्ती स्त्रीलाही लागू आहे. त्या कायद्यात शारीरिक मारहाणीबरोबरच शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे, आणि संरक्षण आदेश तसेच राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

पौलाने सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्यास सांगितले (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८), हे वचन अशा घरांत छडीसारखे वापरले जाते. पौल स्वतः कसा वागला ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पाहावे. फिलिप्पै येथे त्याला आणि सीलाला फटके मारून तुरुंगात टाकले, तेव्हा मध्यरात्री ते दोघे देवाची स्तुतिगीते गात होते. दुसऱ्या सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौल म्हणाला की, आम्ही रोमन नागरिक असताना चौकशीशिवाय आम्हाला उघड फटके मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. रात्री स्तुती करणाऱ्या माणसाने सकाळी आपला कायदेशीर हक्क मागितला, आणि त्यात त्याला काही विसंगती वाटली नाही. देवाचे उपकार मानणारी स्त्री पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकते. तिला थांबवणारा, घरची गोष्ट घरात ठेव असे सांगणारा पाळक किंवा मंडळीचा वडील (एल्डर) चुकीचा सल्ला देत आहे, मग तो कितीही आदरणीय असो.

दुसऱ्याकडून कृतज्ञता मागणे हीच मुळात गफलत आहे. उपकारस्तुती देवाकडे जाते. पती हा पत्नीचा सावकार नाही आणि पत्नी पतीची ऋणको नाही.

प्रश्न : मग 'पत्नीने पतीच्या अधीन असावे' याचा अर्थ काय?

या वचनाच्या आधीचे वचन (इफिसकरांस ५:२१) एकमेकांच्या अधीन असण्याविषयी आहे आणि पुढे पतीला दिलेली आज्ञा अधिक लांब आणि अधिक कठीण आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे त्याने द्यावे. १ करिंथकरांस ७:४ मध्ये तर पत्नीच्या शरीरावर पतीचा आणि पतीच्या शरीरावर पत्नीचा सारखाच अधिकार सांगितला आहे. त्या काळच्या रोमन समाजात याचा दुसरा भाग ऐकणाऱ्यांना चांगलाच खटकला असणार. मंडळ्यांमध्ये या वचनांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत आणि राहतील, परंतु यातील कोणत्याही वाचनातून हुकूमशाहीला आधार मिळत नाही.

प्रश्न : एकपतिपत्नीत्वाची ही सगळी कल्पना मिशनऱ्यांनी आणलेली पाश्चात्य रीत नाही का?

रॉयल वायल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८५२ साली कोल्हापुरात आले आणि पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलेले येथील काम सुरू झाले, हे खरे आहे. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांचेच नाव धारण करते. पण ज्या वचनांवर हा विचार उभा आहे ती पश्चिम आशियात, यहूदी लोकांच्या जगात लिहिली गेली. आणि आपल्या पूर्वजांनी सगळेच काही मिशनऱ्यांकडून घेतले नाही. आजही अनेक घरांत वधूला अंगठीबरोबर क्रूस असलेले मंगळसूत्र घातले जाते.

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही वेगवेगळ्या शहरांत राहतो. दूर राहून विश्वासू कसे राहावे?

पती पुण्यात किंवा मुंबईत आणि पत्नी कोल्हापुरात, पती सैन्यात, किंवा पत्नी परिचारिका म्हणून आखाती देशात, अशी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. पौलाने पतिपत्नींनी दूर राहण्याबाबत (१ करिंथकरांस ७:५) दोन अटी घातल्या आहेत: दोघांची संमती आणि ठरावीक मुदत. तिथे विषय प्रार्थनेसाठी दूर राहण्याचा आहे, पण नोकरीलाही तो निकष लावता येईल. किती वर्षे, कशासाठी आणि कोणत्या रकमेपर्यंत, हे ठरवून निघावे. घराचे कर्ज फिटेपर्यंत असे ठरले असेल, तर कर्ज फिटल्यावर मुलांचे शिक्षण, मग त्यांचे लग्न, असे करत मुदत लांबवू नये. पैसे पाठवणाऱ्याने पैशाचा आणि घर सांभाळणाऱ्याने कष्टाचा तोरा मिरवणे, हा अशा संसारांतील नेहमीचा रोग आहे. रोजच्या फोनवर खर्चाचा हिशेब होतो, तसा आठवड्यातून एकदा तरी फोनवरच एकत्र प्रार्थनेचा वेळ ठेवावा, आणि त्या वेळी पैशाचा विषय काढू नये.

प्रश्न : आईवडिलांचा मान राखायचा की पत्नीची बाजू घ्यायची?

दोन्ही आज्ञा देवाच्याच आहेत. आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा कधीच रद्द होत नाही. मात्र उत्पत्ती २:२४ मध्ये पुरुषाने आईवडिलांना सोडून पत्नीला जडून राहण्याविषयी सांगितले आहे. आश्चर्य म्हणजे मुलगी घर सोडते हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते, पण शास्त्राने सोडायला सांगितले ते पुरुषाला. एकत्र कुटुंबात राहूनही हे पाळता येते: पत्नीविषयीची तक्रार आईकडे नेऊ नये, पत्नीच्या अनुपस्थितीत तिच्याविषयीचे निर्णय घेऊ नयेत, आणि आईला दुखावणारे काही सांगायचेच असेल तर ते मुलाने स्वतः सांगावे, सुनेला पुढे करू नये.

जाता जाता, 'तू जाशील तिकडे मी येईन' हे रूथचे शब्द लग्नपत्रिकांवर छापतात, परंतु रूथने ते शब्द पतीला नव्हे, तर आपल्या विधवा सासूला, नामीला उद्देशून म्हटले होते (रूथ १:१६-१७). सासू-सुनेचे नाते शास्त्राने किती उंचीवर नेले आहे, हे त्यावरून कळावे.

प्रश्न : आम्हाला मूल नाही. लोकांच्या बोलण्याने आमच्यात दुरावा आला आहे.

लूकच्या शुभवर्तमानात (१:६-७) जखऱ्या आणि अलीशिबा यांची ओळख देवापुढे नीतिमान अशी आधी करून दिली आहे आणि त्यांना मूल नव्हते हे नंतर सांगितले आहे. मूल नसणे ही शिक्षा नाही. वैद्यकीय तपासणी दोघांनीही करून घ्यावी. केवळ पत्नीलाच डॉक्टरांकडे फिरवणे हा तिच्यावरील अन्याय आहे. पतीने आणखी एक गोष्ट करावी: कार्यक्रमात कोणी खोचक प्रश्न विचारला की उत्तर त्याने द्यावे, आणि ते असे द्यावे की पुन्हा कोणी विचारणार नाही. विश्वासूपणाची परीक्षा अशा ठिकाणी होते.

प्रश्न : माझा जोडीदार ख्रिस्ती नाही. विश्वासूपणाची ही शिकवण आमच्या लग्नाला लागू होते का?

होय. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असे पौल सांगतो (१ करिंथकरांस ७:१२-१४). आणि मराठी ख्रिस्ती माणसाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या; त्या आघातानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या पतीकडे परतल्या तरी त्यांनी लगेच धर्म बदलला नाही, आपले सोवळे-ओवळे त्या पाळत राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ज्यांना जोडीदाराच्या बाप्तिस्म्याची घाई झाली आहे, त्यांनी या मधल्या वर्षांचा विचार करावा. जबरदस्तीने किंवा सततच्या टोचणीने आणलेला जोडीदार चर्चमध्ये शेजारी बसतो, पण घरात दूर जातो.

प्रश्न : माझ्या जोडीदाराने विश्वासघात केला. क्षमा केली म्हणजे पुन्हा एकत्र राहिलेच पाहिजे का?

नाही. क्षमा आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क देवाकडे सोपवणे. ती एकट्याला करता येते, आणि तिलाही वेळ लागतो. विश्वास मात्र दुसऱ्याच्या वागण्यातून पुन्हा उभा राहावा लागतो आणि तो मागून घेता येत नाही. चूक करणाऱ्याने 'मी माफी मागितली, आता विषय संपला' असे म्हणणे, हे पश्चात्ताप झाला नसल्याचेच लक्षण समजावे.

एकत्र राहण्याचा निर्णय दोघांनी घेतला, तर काही गोष्टी टाळता येत नाहीत. तो संबंध पूर्णपणे तुटला पाहिजे, आणि ती व्यक्ती कामाच्या ठिकाणी असेल तर बदली किंवा नोकरीबदलाचाही विचार करावा लागेल. झालेली गोष्ट एकदाच आणि खरी सांगितली पाहिजे. थोडे थोडे करून बाहेर येणारे सत्य प्रत्येक वेळी नवा घाव घालते. दोघांनी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, त्यात लाज बाळगू नये. ज्याच्यावर दोघांचाही भरवसा आहे अशी एक तिसरी व्यक्ती, पाळक किंवा प्रशिक्षित समुपदेशक, सोबत असावी. घरातल्या सगळ्या नातेवाइकांना सामील करून घेऊ नये, कारण पतिपत्नी समेट करतात तेव्हाही नातेवाईक विसरत नाहीत. भर मंडळीत कबुली देण्याची सक्ती करू नये. मरीयेविषयी गैरसमज झाला असतानाही योसेफ नीतिमान असल्यामुळे तिची बेअब्रू करू इच्छित नव्हता (मत्तय १:१९), हे मंडळीच्या वडिलांनी (एल्डरांनी) लक्षात ठेवावे.

आणि दुखावलेल्या जोडीदाराला, बेइमान पत्नीला पुन्हा स्वीकारणाऱ्या होशेयाचे उदाहरण देऊन परत पाठवू नये. होशेयाला देवाने स्वतंत्र आज्ञा दिली होती, आणि ती कथा देवाच्या प्रीतीविषयी आहे. मत्तय १९:९ मध्ये प्रभूने व्यभिचाराचा अपवाद नोंदवला आहे. तो वापरणे पाप नाही, आणि न वापरता संसार पुन्हा उभारणे ही कृपा आहे, पण ती कृपा दुसऱ्याने हुकूम देऊन घडत नाही.

अशा काळात कृतज्ञतेचा उपदेश करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत, ती वाचावीत.

प्रश्न : कायदा याविषयी काय सांगतो?

ख्रिस्ती विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार होतात आणि घटस्फोटाला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. २००१ पर्यंत त्यात मोठी विषमता होती: पतीला पत्नीच्या केवळ व्यभिचारावरून घटस्फोट मागता येत असे, पण पत्नीला पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने दोघांची कारणे सारखी झाली आणि परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूदही आली. संमतीच्या घटस्फोटासाठी दोन वर्षे वेगळे राहण्याची अट कायद्याच्या मजकुरात आहे; केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षावर आणली. आपल्या प्रकरणात काय लागू होईल ते वकिलांकडून समजून घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे ४९७ वे कलम रद्द केले, त्यामुळे व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही. घटस्फोटाचे कारण मात्र तो आजही आहे. कॅथलिक दांपत्यांना चर्चच्या न्यायमंडळाकडून विवाह रद्दबातल ठरवून घेण्याची वेगळी प्रक्रिया असते, पण त्या निर्णयाने दिवाणी कायद्यातील विवाह संपत नाही. त्यासाठी न्यायालयाचाच आदेश लागतो.

प्रश्न : लग्न ठरले आहे. आधी काय बोलून घ्यावे?

कर्ज, पगार, आजार, आधीचे ठरलेले किंवा मोडलेले लग्न, आईवडिलांची जबाबदारी, आणि रविवारी कोणत्या चर्चमध्ये जायचे हे सर्व. हॉल, जेवण आणि दागिन्यांच्या खरेदीसाठी कर्ज काढणार असाल तर ते कोण फेडणार, हेही गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाण्यापूर्वी ठरवावे. अनेक मंडळ्यांत सलग तीन रविवार विवाहाची जाहीर सूचना वाचली जाते. ती वाचली जाईपर्यंत हे बोलणे राहून गेले असेल, तर तारीख पुढे ढकलण्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न : पाळकांकडे केव्हा जावे आणि दोघांनी जावे की एकट्याने?

भांडणाचा तोच विषय महिनोन्‌महिने फिरून येत असेल, बोलणे बंद झाले असेल, किंवा मनात तिसऱ्या व्यक्तीचा विचार येऊ लागला असेल, तर लगेच जावे. साधारणपणे दोघांनी जावे. घरात मारहाण होत असेल तर एकटीने जावे, आणि काय सांगितले हे पतीला कळवले जाणार नाही याची खात्री आधी करून घ्यावी. स्त्रीला पुरुष पाळकांशी बोलणे अवघड वाटत असेल तर पाळकांच्या पत्नीला किंवा महिला मंडळातील विश्वासू ज्येष्ठ भगिनीला सोबत न्यावे. जोडीदार यायला तयार नसेल तर तो तयार होण्याची वाट पाहत बसू नये.